वीज कंपनी बदलली तर दारातल्या स्मार्ट मीटरचं काय? (नागपूर, महाल)

वाड्यातली सून

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा कमी आणि माझ्या सासऱ्यांचा जास्त आहे, पण मोबाईलवर टाइप करणं त्यांना जमत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आम्ही महालात जुन्या वाड्यात राहतो. जिन्याखाली लाकडी फळीवर तीन मीटर आहेत: आमचा, वरच्या मजल्यावरच्या दिरांचा आणि मागच्या खोलीतल्या भाडेकरूचा. परवा माणसं आली आणि दिरांचा व भाडेकरूचा मीटर बदलून नवा टीओडी (म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा) स्मार्ट मीटर लावून गेली. आमचा राहिला, कारण बाबा फळीसमोर खुर्ची टाकून बसले. भांडले नाहीत. त्यांना चहा दिला, आणि "माझ्या प्रश्नांची उत्तरं आणा, मग लावा" म्हणाले. बिचारी पोरं कंत्राटदाराची. ती काय उत्तरं देणार?

बाबांचं म्हणणं असं. या वाड्याने कंपनी बदलताना आधीच पाहिली आहे. 2011 मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग खासगी फ्रँचायझीकडे गेले आणि सप्टेंबर 2019 मध्ये महावितरणकडे परत आले. दोन्ही वेळा मीटर साधा होता. आकडा काचेतून दिसायचा, आणि बाबा दर महिन्याच्या एक तारखेला तो खडूने फळीवर लिहून ठेवायचे. अजूनही लिहितात. आता पेपरात येतंय की एकाच शहरात दोन-तीन वीज कंपन्या येतील, ग्राहकाने हवी ती निवडावी. मग त्यांचे प्रश्न:

हा नवा मीटर कोणाचा? कंपनी बदलली की हा काढून तिसरा लावणार का, आणि त्याचे पैसे कोण देणार?

मीटरमध्ये म्हणे दर अर्ध्या तासाचा वापर साठतो. म्हणजे आपण कूलर कधी लावला, लग्नाला म्हणून घर चार दिवस बंद ठेवलं, हे सगळं कोणाला तरी दिसणार. कंपनी बदलल्यावर ही माहिती जुन्याकडेच राहते की नव्याकडे जाते?

आणि बदलाच्या दिवशीचं रीडिंग कोण ठरवणार? दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर?

माझा स्वतःचा एक प्रश्न जोडते. मी घरी ब्लाउज शिवते, दिवसभर इस्त्री चालू असते. टीओडी मीटरने दिवसाची वीज स्वस्त पडते असं दीर म्हणतात. खरं का? बाबांना सांगायला काहीतरी फायद्याचंही हवं ना.

तारवाले काका

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी वीज खात्यातून निवृत्त झालो, मीटर टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली. असे ग्राहक आम्हाला आवडायचे नाहीत, पण चुका त्यांच्यामुळेच सापडायच्या.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. घरगुती ग्राहकाला आज नागपुरात कंपनी निवडता येत नाही. 2011 आणि 2019 ला जे झालं ती निवड नव्हती. परवाना महावितरणचाच होता, काम फ्रँचायझीकडे दिलं आणि नंतर परत घेतलं. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

2003 च्या वीज कायद्यात, कलम 14 मध्ये, एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देण्याची सोय पहिल्यापासून आहे. अट एवढीच की तिने स्वतःचं जाळं टाकायचं. म्हणजे महालाच्या गल्लीत अजून एक खांब, अजून एक केबल. कोण टाकणार? ही अट काढायचा प्रयत्न 2022 च्या दुरुस्ती विधेयकात झाला. ते 8 ऑगस्ट 2022 ला लोकसभेत मांडलं, स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने नवा मसुदा काढला, त्यातही एकाच जाळ्यावरून अनेक कंपन्यांनी वीज द्यायची कल्पना आहे. पेपरात येतंय ते यावरून.

आता मीटर कोणाचा. स्मार्ट मीटरचं काम ज्या पद्धतीने दिलंय त्यात कंत्राटदारच मीटर आणतो, बसवतो, वर्षानुवर्षं चालवतो आणि मुदत संपली की वीज कंपनीच्या हवाली करतो. त्याला दर मीटरमागे दर महिन्याला पैसे मिळतात. तुमच्याकडून बसवण्याचे पैसे घेत नाहीत. शेवटी ते वीजदरातूनच निघणार, हे माझं मत. म्हणजे फळीवरची ती डबी तुमची नाही, आणि मुदत संपेपर्यंत पूर्णपणे महावितरणचीही नाही. उद्या नवी कंपनी आली तर तिला या कंत्राटदाराशी काहीतरी ठरवावंच लागेल.

तांत्रिकदृष्ट्या नवा मीटर लावायची गरज नसावी. आपल्याकडचे स्मार्ट मीटर आयएस 16444 या मानकाचे असतात, त्यांची 'बोलायची भाषा' आयएस 15959 ने ठरवलेली आहे. पण मीटर उघडून वाचायच्या गुप्त चाव्या ज्याच्या सर्व्हरकडे आहेत त्यालाच तो वाचता येतो. बदलाच्या वेळी चाव्या नीट हस्तांतरित होतात की नाही, खरा प्रश्न तिथे आहे.

गोरेगावकर नागपुरी

काका, मुंबईत हे आधीपासून चालू आहे, म्हणून लिहितो. मूळचा सक्करदऱ्याचा, पण मुंबईत स्थायिक. 2009 पासून उपनगरातल्या ग्राहकांना टाटा पॉवर आणि तेव्हाची रिलायन्स (2018 पासून अदानी) यांतून निवड करता येते. तार एकाची आणि बिल दुसऱ्याचं, असंही चालतं. त्याला चेंजओव्हर म्हणतात. दुसऱ्या कंपनीची तार घरापर्यंत येऊन जोडली गेली तर स्विचओव्हर.

आम्ही चेंजओव्हरवाले. रोजच्या व्यवहारात फरक जाणवतो तो दोनच ठिकाणी. वीज गेली की फोन तारवाल्या कंपनीला करायचा, बिलाची तक्रार असली तर वीजवाल्याला. सुरुवातीला दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील अशी भीती सोसायटीत सगळ्यांना होती, त्यामुळे सेक्रेटरीने दोन्ही नंबर लिफ्टशेजारी चिकटवले होते. दुसरं म्हणजे बिल. 'वीज आकार' नव्या कंपनीचा लागतो, पण 'वहन आकार', म्हणजे तार वापरण्याचे पैसे, तारवाल्याचाच राहतो. शिवाय क्रॉस सबसिडीचा (एका गटाच्या ग्राहकांनी दुसऱ्याच्या स्वस्त विजेचा भार उचलायचा) अधिभार. त्यामुळे जाहिरातीत दिसणारा प्रतियुनिट दर बघून उडी मारणारे नंतर कॅलक्युलेटर घेऊन बसतात. 300 युनिटच्या आत वापर असेल तर एकाचा दर बरा, जास्त असेल तर दुसऱ्याचा, आणि हे दर वीज नियामक आयोगाच्या प्रत्येक आदेशानंतर बदलतात. बाबांना सांगा, कंपनी निवडण्याआधी महावितरणच्या बिलाच्या मागच्या बाजूचा तक्ता वाचायला शिकलं पाहिजे. 'स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, 16 टक्के वीज शुल्क' हे पाच रकाने समजले की कोणीही गंडवू शकत नाही.

विदर्भ_वाघ

राजेहो, कंपनी बदलो का सरकार बदलो, बिल काई कमी होत नाई. मे महिन्यात कूलर लावला का मीटर नागीन डान्स करते. कोराडीच्या वीज केंद्राचा धूर आमी खायचा अन् वीज महाग बी आमालेच. मीटर लावू नका म्हणजे नका.

लीड्सचा नंदनवनकर

वाघ भाऊ, राग समजला, पण सूनबाईंच्या सासऱ्यांनी विचारलेला प्रश्न तंतोतंत इंग्लंडमधल्या लोकांनी विचारला होता आणि तो खराही ठरला, म्हणून सविस्तर लिहितो. मी नंदनवनचा, सध्या लीड्समध्ये.

इथे घरगुती ग्राहक कधीही वीजपुरवठादार बदलतो. तारा त्याच राहतात. आमच्या यॉर्कशायरमध्ये त्या नॉर्दर्न पॉवरग्रिडच्या. मीटर बऱ्याचदा ना ग्राहकाचा ना पुरवठादाराचा, तो तिसऱ्याच मालकाचा असतो आणि पुरवठादार त्याचं भाडं भरतो. काका म्हणतात तसंच.

पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर लागले, ज्यांना स्मेट्स 1 म्हणतात, तेव्हा प्रत्येक पुरवठादाराने मीटरशी बोलायची आपापली व्यवस्था केली होती. झालं काय, ग्राहकाने पुरवठादार बदलला की नव्याला त्या मीटरशी बोलताच येईना. मीटर युनिट मोजायचा, पण 'मुका' व्हायचा. मी भाड्याने घेतलेल्या घरात हेच झालं. पुरवठादार बदलला आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या डिस्प्लेवर आकडे यायचे बंद. मी दर महिन्याला टॉर्च घेऊन जिन्याखालच्या कपाटात रांगत जायचो आणि रीडिंग वेबसाइटवर भरायचो. स्मार्ट मीटर असताना! फळीवर खडूने लिहिणारे बाबा मला तेव्हा फार आठवले असते, ओळख असती तर.

नंतर दुसरी पिढी आली, स्मेट्स 2. यात मधे एक राष्ट्रीय दळणवळण कंपनी आहे, डीसीसी. मीटर डीसीसीशी बोलतो, पुरवठादार कोणीही असो, तो डीसीसीकडून आकडे घेतो. जुने मीटरही 2019 पासून हळूहळू त्याच जाळ्यावर आणायला सुरुवात झाली. माझा पुन्हा बोलू लागला तो त्यामुळेच.

म्हणून बाबांचा प्रश्न मी थोडा वळवून विचारीन. मीटर कोणाचा, यापेक्षा मीटर आणि कंपनी यांच्या मधला निरोप्या कोणाचा? तो जर एका कंपनीचा खासगी नोकर असेल तर कंपनी बदलताना तुम्ही अडकणार. नवीन कायद्याच्या मसुद्यावर हरकती पाठवणाऱ्यांनी हे विचारावं.

रीडिंगबद्दल: इथे जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग एकच असावं लागतं. ते जुळलं नाही की मधली युनिटं दोन्हीकडे लागतात किंवा कुठेच लागत नाहीत. दुसऱ्यात कोणी तक्रार करत नाही म्हणा.

वाड्यातली सून

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. 'मुका मीटर' ऐकून ते जाम खूश झाले. काका, दिरांचं म्हणणं आहे की नवा मीटर जोरात पळतोय. भाडेकरू म्हणतो त्याचं बिल पूर्वीसारखंच आहे. एकाच फळीवरचे दोन मीटर, एकाच दिवशी लावलेले. आणि माझ्या इस्त्रीचं राहिलंच.

तारवाले काका

इस्त्रीचं आधी. हो, खरं आहे. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर प्रतियुनिट 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे. तुमची इस्त्री, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन दिवसा चालत असेल तर फायदा. संध्याकाळी टीव्ही-कूलरवाल्यांना विशेष नाही. आणि हे मीटर पोस्टपेड आहेत, आधी पैसे भरायचे नाहीत. सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं तेव्हाचे ऊर्जामंत्री फडणवीस यांनी जून 2024 मध्ये जाहीर केलं होतं.

दिरांचा मीटर. आता मी अंदाजाने बोलतो, पण वाड्यांमध्ये हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पैज लावीन. वरच्या मजल्याची वायरिंग करताना न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) वेगळा ओढला आहे का बघा. जुन्या वाड्यांत फेज (प्रवाह आणणारी तार) वेगवेगळा आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच, असं असतं. जुना चकतीवाला मीटर फक्त फेजचा प्रवाह बघायचा. आताचा मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही बघतो आणि जो जास्त असेल तो मोजतो, चोरी पकडण्यासाठी. मग तुमच्या इस्त्रीचा परतीचा प्रवाह दिरांच्या न्यूट्रलमधून गेला तर बिल दिरांनाही. मीटर खोटा नाही, वायरिंग चुकीची. चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ते ठीक निघालं तर घरीच तपासणी करा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, पाटीवर प्रतियुनिट किती लुकलुकी हे छापलेलं असतं. समजा 3200 असेल. घरातलं सगळं बंद करून फक्त 100 वॉटचा जुना दिवा एक तास लावला तर 320 वेळा लुकलुकला पाहिजे. सगळं बंद असूनही लुकलुकत असेल तर गळती शोधा.

तरी शंका राहिली तर लेखी तक्रार द्या. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली आहे. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली की पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावून किमान तीन महिने दोन्ही पडताळायचे. ही तरतूद लोकांना माहीतच नाही, तक्रारीत नियमाचा उल्लेख करा. मग ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर वीज लोकपाल. लोकपालाचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, मुंबईला जायला नको.

माहितीच्या गोपनीयतेचा बाबांचा मुद्दा पक्का आहे. अर्ध्या तासाचे आकडे पाहून घर कधी रिकामं असतं हे कळतं, यात शंका नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 चा झालाय, त्याचा आधार घेता येईल. पण कंपनी बदलताना जुन्याने ती माहिती पुसायची की ठेवायची, हे परवान्याच्या अटींत स्पष्ट लिहून घ्यावं लागेल.

आणि थकबाकी. कंपनी बदलो न बदलो, कलम 56 प्रमाणे वीज तोडायला 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते, मीटर दुरून बंद करता येत असला तरी. दोन वर्षांपूर्वीची बाकी, जी मधल्या बिलांत सतत दाखवलीच नाही, ती नंतर उकरून वसूल करता येत नाही. म्हणून बिलं फेकू नका.

वाड्यातली सून

काका, न्यूट्रल एकच निघाला! इलेक्ट्रिशियन आत्ता वर आहे. दीर आता माझ्याकडे इस्त्रीचे पैसे मागतायत, ते वेगळं.

बाबा मीटर लावू देणार आहेत, एका अटीवर. जुना मीटर काढताना त्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचा पहिला आकडा कागदावर लिहून, लावणाऱ्या पोराची सही घेऊन, शिवाय मोबाईलवर फोटो. असा कागद देतात का?

तारवाले काका

मीटर बदलल्याचा अहवाल असतो, त्यावर दोन्ही आकडे आणि दोन्ही मीटरचे नंबर लिहायचे असतात. प्रत मागा. नाही म्हणाले तर 1912 वर फोन करा, आणि तोपर्यंत बाबांना खुर्चीवरून उठू देऊ नका.