"लॅपटॉपवर तेल गळत नाही" म्हणे!

मिलीसेकंद:
काल गेजबाबांची पोस्ट वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी मथितार्थ: हायड्रॉलिक सर्किटचं डायनॅमिक सिम्युलेशन (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रात दाब आणि प्रवाह क्षणाक्षणाला कसे बदलतील ते संगणकावर काढणं) ही कॉलेजातल्या पोरांची चैन आहे. सर्किट नीट काढा, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) सेट करा, गेजकडे बघा, विषय संपला. शेवटी "लॅपटॉपवर तेल गळत नाही" हा टाळ्यांचा डायलॉग, आणि खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

गेज काय दाखवतं? दाब स्थिरावल्यावरचा आकडा. मधे काटा फडफडला की आपणच ग्लिसरीन भरलेलं गेज आणून त्याला गप्प करतो. आणि मग म्हणतो, "सगळं ओके आहे."

एक प्रेस होता. कारखान्याचं नाव सांगणार नाही. मुख्य सिलिंडरमध्ये दाबाखाली साधारण ५० लिटर तेल, दाब २५० बार, पंप ६० एलपीएम (लिटर प्रति मिनिट). रिटर्न फिल्टर (टाकीत परतणारं तेल गाळणारा) पंपाकडे बघून घेतलेला, १०० एलपीएमचा. कागदावर ऐसपैस. तरी फिल्टरची वाटी अधूनमधून तडकायची, आणि प्रत्येक वेळी "मालच हलका" म्हणत नवी बसवायचे. आता हिशेब करा. तेलाचा बल्क मॉड्युलस (तेल दाबायला किती कडक ते सांगणारा आकडा) १४,००० बार धरला तर ५० लिटर तेल २५० बारला जवळजवळ ०.९ लिटर दबलेलं असतं. डायरेक्शन व्हॉल्व्ह (तेलाची दिशा बदलणारा) ५० मिलीसेकंदांत उघडला की ते ०.९ लिटर तेवढ्याच वेळात बाहेर धावतं. म्हणजे हजार एलपीएमच्या वर! शंभराच्या फिल्टरमधून. गेजवर यातलं काय दिसतं? काटा २५० वरून शून्यावर आला, एवढंच.

गेजबाबा:
आलो, कारण माझंच नाव घेतलंय. ताई, उदाहरण फक्कड आहे. पण यात सिम्युलेशन कुठं आहे? तुम्ही एक गुणाकार केलात आणि एक भागाकार. तो मी सिगरेटच्या पाकिटावर करतो. मोठ्या प्रेसला आधी डीकॉम्प्रेशन द्यायचं, म्हणजे दाब हळूहळू सोडायचा, हे आम्हाला आमच्या मुकादमानं शिकवलं, आणि त्यानं आयुष्यात लॅपटॉप उघडला नाही. माझं म्हणणं तेच होतं.

मिलीसेकंद:
काका, पाकिटावरचा गुणाकार म्हणजेच मॉडेल. तुम्ही करता तेव्हा तो अनुभव, आम्ही केला की चैन?

आणि डीकॉम्प्रेशन द्यायचं हे ठीक, पण केवढ्या भोकातून आणि किती वेळ? एक सेकंद दिला तर सरासरी ५४ एलपीएम, फिल्टर खूश. पण एकाच ओरिफिसमधून (ठरावीक भोकातून) सोडलं तर प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे पडत जातो, म्हणून सुरुवातीचा प्रवाह सरासरीच्या दुप्पट असतो. परत शंभराच्या पुढेच गेलात. त्यात पंप चालू, दुसरा सिलिंडर त्याच रिटर्नवर, आणि मुख्य व्हॉल्व्ह केव्हा उघडतोय यावर सगळं अवलंबून. हे पाकिटावर मावत नाही.

अर्धवट_पीएचडी:
लिन्शॉपिंगहून लिहितोय, स्वीडन. इथल्या विद्यापीठात हॉपसान नावाचं सिम्युलेशन पॅकेज १९७७ पासून बनतंय, आणि फुकट मिळतं. तेव्हा "चैन" हा मुद्दा तरी बाद करा. ओपनमॉडेलिकाही फुकट आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, निम्मा धागा रिकामा होईल.

गेजबाबांचा राग मात्र मला कळतो. पोरं काय करतात: ओरिफिसचं समीकरण जसंच्या तसं टाकतात. दाबातला फरक शून्याजवळ गेला की वर्गमुळाचा चढ अनंत होतो, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) तिथेच लटकतो. दोन व्हॉल्व्हच्या मधली १० सीसीची पोकळीही मॉडेलमध्ये घेतात, त्यावर ओडीई४५ हा साधा सॉल्व्हर लावतात, आणि ते बिचारं मायक्रोसेकंदाच्या पावलांनी रात्रभर चालतं. हे स्टिफ प्रकरण आहे (काही बदल फार वेगात, काही संथ), त्याला स्टिफ सॉल्व्हर लागतो, आणि शून्याजवळ लॅमिनार (संथ, थराथरांचा) प्रवाह धरावा लागतो. ते न करता काढलेला रंगीत आलेख बघून कुणीही चिडेल.

गेजबाबा:
चिडायचं कारण वेगळंच आहे. माझा प्रश्न सरळ आहे: तो १४,००० कुठून आणला? पुस्तकातून. माझ्या टाकीतलं तेल पुस्तक वाचत नाही. त्यात हवा आहे. १ टक्का हवा धरा आणि सांगा तुमचा बल्क मॉड्युलस किती राहिला.

अर्धवट_पीएचडी:
१० बारला निम्म्याच्याही खाली येतो. २०० बारला हवा चिरडून जाते, फरक जाणवतही नाही. म्हणजे प्रेसच्या उदाहरणातला वरच्या दाबाचा हिशेब शाबूत आहे, खालच्या दाबाचा नाही.

गेजबाबा:
बघा! मुख्य आकडाच माहीत नाही आणि आलेख तीन दशांश स्थळांपर्यंत.

मिलीसेकंद:
माहीत नसला तरी किती बिघडतं तेही बघा की. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ८० मिमी, रॉड ५६ मिमी, स्ट्रोक (दांड्याची धाव) १ मीटर, दोन टन वजन, सिलिंडर अर्ध्यावर. १४,००० धरून नैसर्गिक वारंवारता (तेलाच्या स्प्रिंगवर भार सेकंदाला किती वेळा हिंदकळतो) येते १६ हर्ट्झ. बल्क मॉड्युलस निम्मा केला तर ८ येत नाही, साडेअकरा येते. वर्गमूळ आहे ना मधे. मी ११ धरून रॅम्प (वेग हळूहळू बदलायची चढण) लावते आणि रात्री शांत झोपते. दोन टोकं धरून दोनदा रन मारायचं, एकच आकडा सत्य मानायचा नाही. हे कुणी शिकवत नाही हा दोष शिकवणाऱ्यांचा, समीकरणांचा नाही.

साखरपट्टा:
हवेचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्याकडं कारखान्यात मिलच्या टॉप रोलरवर हायड्रॉलिक लोड असतो, नायट्रोजनच्या अ‍ॅक्युम्युलेटरसकट (दाब साठवणारी बाटली). त्याचं प्रीचार्ज (आधी भरलेल्या वायूचा दाब) सीझनच्या आधी बघायचं असतं. बघतं कोण? रोलर उचलायला लागला की ऑपरेटर म्हणतो ऊस जाड आला. आणि पॉवरपॅकच्या (पंप, मोटर, टाकीचा संच) टाकीत रिटर्न पाइप तेलाच्या लेव्हलच्या वर संपतो. वरून धबधबा. साइट ग्लासमधून बघितलं तर आत ताक! फिटरला विचारलं तर म्हणे "पाइप कमी पडला, टाकीला खालपर्यंत नेला असता तर वेल्डिंग वाढलं असतं." यावर कुठलं मॉडेल लावता ताई?

एल_वन:
फिटरला बोल लावण्याआधी टाकी बघा. छोटी टाकी, तेल पंपाकडे परत जायच्या आत हवा सुटायला वेळच नाही.

साखरपट्टा:
टाकी छोटी कुणी घेतली? पर्चेसनं! पंपाच्या मिनिटाच्या प्रवाहाच्या तिप्पट तरी टाकी हवी हे शेंबडं पोरही सांगेल. ६० एलपीएमला १२० लिटरची टाकी आली, का तर दर कमी होता.

एल_वन:
मी पर्चेसमध्येच आहे, आयडी बघितलात तर कळेल (एल-वन म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा). इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) टाकीचं माप कुणी लिहिलं नव्हतं. "पॉवरपॅक, ६० एलपीएम, २५० बार, १ नग." यावर मी काय स्वप्न पाडायचं? लिहा ना माप. लिहायचं नाही आणि मग सीझनभर पर्चेसच्या नावानं खडे फोडायचे.

साखरपट्टा:
लिहिलं होतं. तुमच्यासारख्यांनी "ऑर समतुल्य" म्हणून पुसलं.

एल_वन:
तुमच्या कारखान्यात मी कधी पाऊलही ठेवलं नाही, कशाला अंगावर येताय? आणि बॅफल प्लेट, टाकीतला आडपडदा? ती तरी ड्रॉइंगमध्ये होती का? सक्शन आणि रिटर्न शेजारी शेजारी असतील तर टाकी ५०० लिटरची घेतली तरी तुम्हाला ताकच मिळणार.

साखरपट्टा:
बॅफल होती. साफसफाईला अडते म्हणून काढून टाकली.

एल_वन:
झालं मग!

गेजबाबा:
सकाळपासून टाकीवरच चाललंय, आणि हेच माझं म्हणणं होतं. पाइप कापलेला, बॅफल गायब, तेल ताक झालेलं, आणि कुणीतरी एसीत बसून स्पूलचा डॅम्पिंग रेशो काढतंय. डिग्रीवाल्यांना टाकीत डोकं घालायची लाज वाटते.

मिलीसेकंद:
हे टोमणे बंद करा काका. मी डिप्लोमा करूनच डिग्रीला गेले, आणि त्या प्रेसच्या खड्ड्यात उतरून फिल्टरच्या वाटीचे तुकडे मीच वेचलेत. डिग्री विरुद्ध डिप्लोमा खेळायचं असेल तर दुसरा धागा उघडा.

अर्धवट_पीएचडी:
टाकीचा विषय मॉडेलच्या बाहेरचा नाही. मोजलेली वारंवारता मॉडेलपेक्षा पुष्कळ कमी आली की पहिला संशय हवेवर, दुसरा होजवर (लवचिक नळीवर). लांब होज फुगतो, तो वेगळा मऊपणा. मॉडेल आणि मोजमाप जुळलं नाही म्हणूनच तुम्ही टाकीचं झाकण उघडता.

गेजबाबा:
मी झाकण आवाज ऐकून उघडतो. पंप कण्हायला लागला की कळतं.

मिलीसेकंद:
कळतं, मान्य. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे, खरंच. पण तुम्ही रिटायर झालात की तो कान स्टोअर्समध्ये जमा होणार आहे का? आणि अजून न बनलेल्या मशीनचा आवाज कसा ऐकणार? काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हचा (लटकता भार धरून ठेवणारा) पायलट रेशो, म्हणजे तो पंपाच्या किती दाबाला उघडेल ते ठरवणारं गुणोत्तर, आधी ठरवावा लागतो. जास्त घेतला तर दाब वाचतो पण लटकता भार उतरताना हिंदकळतो. कमी घेतला तर शांत उतरतो पण पंपाला जास्त दाब द्यावा लागतो. चुकला की साइटवर क्रेन थरथरते आणि ऑपरेटर खाली उतरून निघून जातो.

गेजबाबा:
काउंटरबॅलन्सचं घे. ते मान्य. तिथं आम्हीही दोन-तीन कार्ट्रिज (व्हॉल्व्हचा आतला बदलता भाग) बदलून बदलून बघतो, आणि दरवेळी नवं कार्ट्रिज येईपर्यंत गिऱ्हाईक शिव्या देतं. पण हे लॅपटॉपवर जमतं हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही. सगळे आलेख मशीन चालल्यावर जुळवलेले असतात. आधी मोजायचं, मग मॉडेलचे कान पिळून त्याच रेषेवर आणायचं, आणि म्हणायचं बघा कसं तंतोतंत!

अर्धवट_पीएचडी:
हे मात्र खरं आहे. दुर्दैवानं.

गेजबाबा:
मग करा ना उलटं. आमच्याकडं एक टिल्टिंग फ्रेम आहे, उतरताना हिंदकळते. रविवारी शटडाऊन आहे. प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) मी कॅलिब्रेशनवाल्याकडून मागून घेतो, सेकंदाला हजार रीडिंग घेणारा, सिलिंडरच्या दोन्ही पोर्टला. ताई, तुम्ही तुमचा आलेख शनिवारी रात्रीपर्यंत इथं टाकायचा. माझं मोजमाप सोमवारी. आणि नंतर "बीटा, म्हणजे बल्क मॉड्युलस, थोडा बदलला" म्हणायचं नाही.

मिलीसेकंद:
कबूल. एकच रेष नाही देणार, पट्टा देईन, बल्क मॉड्युलसची दोन टोकं धरून. मोजमाप पट्ट्याबाहेर गेलं तर तुम्ही जिंकलात. बोअर, रॉड, स्ट्रोक, भार, व्हॉल्व्हचा मेक आणि पायलट रेशो, तेलाचा ग्रेड आणि चालताना तापमान, पंपाचं एलपीएम, होजचा व्यास आणि लांबी, टाकीचं माप आणि रिटर्न पाइप कुठं संपतो ते द्या.

एल_वन:
पट्टा किती रुंद ते आधी ठरवा. नाहीतर त्यात हत्तीही मावेल.

गेजबाबा:
बाकी सगळं उद्या देतो. होज टेपनं मोजतो. रिटर्न पाइपचं विचारू नका.