लाईट गेली-आली की प्रिंटर 'ऑफलाइन': आयपी फिक्स कसा करायचा?

डिचोलीकर:
डिचोली बाजारात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर. वायफाय गिऱ्हाइकांनाही दिलंय, कारण फाइल मोबाइलवरूनच येते. पाऊस लागल्यापासून लाईट गेली-आली की प्रिंटर ऑफलाइन. त्याच्या पडद्यावर आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, आधी १९२.१६८.१.५ होतं, आज १९२.१६८.१.११ आहे. दर खेपेला प्रिंटर काढून नव्याने जोडायचा. चवथ तोंडावर आली, आरत्यांच्या पुस्तिकांची कामं घेतलीत. यावर कायमचा इलाज आहे का?

फोंड्याहून:
आहे, आणि नवीन काही विकत घ्यावं लागणार नाही.

आधी काय होतं ते बघा. आयपी वाटायचं काम राउटरचं, त्याला डीएचसीपी म्हणतात. बऱ्याच साध्या राउटरांना कोणाला कोणता नंबर दिला होता ते लाईट गेल्यावर आठवत नाही. लाईट आली की तुमचा प्रिंटर गरम होईपर्यंत एखाद्या गिऱ्हाइकाचा मोबाइल .५ घेऊन मोकळा होतो. कॉम्प्युटर मात्र अजून .५ वरच छपाई पाठवत असतो.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा आणि डीएचसीपीची रेंज १९२.१६८.१.१०० ते १९९ एवढीच ठेवा. मग प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत आयपीव्ही४ 'मॅन्युअल' करून १९२.१६८.१.२४० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. त्याआधी कॉम्प्युटरवरून २४० ला पिंग करा, म्हणजे त्या नंबरावरून कोणी उत्तर देतं का ते बघा. कॅमेरावाले कित्येकदा डीव्हीआरला नंबर हाताने देऊन जातात, तो नेमका हाच नको. शेवटी विंडोजमध्ये प्रिंटरच्या पोर्ट्समध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' नव्याने जोडून २४० घाला. तिथे 'डब्ल्यूएसडी' (विंडोजने आपोआप जोडलेला) पोर्ट दिसला तर तोही बदला. दोन्ही कॉम्प्युटरवर करायचं.

पेडणेकर:
एवढं कशाला? राउटरमध्येच प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून रिझर्व्हेशन करा, म्हणजे राउटर त्याला दर वेळी तोच आयपी देईल. सगळे नंबर एका जागी राहतात.

फोंड्याहून:
पेडणेकरबाब, ऑफिसात मीही तेच करतो. पण आपल्याकडे जूनच्या गडगडाटात राउटर जळतात हो. नवा आला की रिझर्व्हेशनची यादी जुन्याबरोबर गेलेली. प्रिंटरमध्ये घातलेला नंबर प्रिंटरजवळच राहतो. म्हणून अशा दुकानात मी प्रिंटरलाच नंबर देतो. नवा राउटर १९२.१६८.०.१ वर चालणारा निघाला तर त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.१ करायचा आणि रेंज पुन्हा १०० ते १९९. प्रिंटरला हात लावायला नको. डिचोलीकर, हे सगळे आकडे कागदावर लिहून राउटरच्या वरच भिंतीला चिकटवा. तुम्ही दुकानात नसाल तेव्हा येणाऱ्या माणसाला तोच कागद लागेल.

आणि गिऱ्हाइकांसाठी राउटरमध्ये 'गेस्ट' वायफाय असेल तर तेच द्या. लोकांच्या आधारच्या प्रती तुमच्या कॉम्प्युटरवर असतात. अनोळखी मोबाइल त्याच नेटवर्कवर असणं मला पटत नाही.

डिचोलीकर:
केलं. मेन स्विच पाडून पुन्हा लावून पाहिला, छपाई लगेच सुरू झाली. पण आता आतल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. विंडोजच्या 'आयपीकॉन्फिग' कमांडमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी नंबर दाखवतोय.

फोंड्याहून:
तो राउटरने दिलेला नाही. राउटरकडे नंबर मागूनही उत्तर आलं नाही की विंडोज आपला आपणच तो घेतो. म्हणजे कॉम्प्युटरची हाक राउटरपर्यंत पोचत नाहीये. आतला कॉम्प्युटर छोट्या नेटवर्क स्विचवरून (केबली जोडायच्या डबीवरून) घेतलाय ना? त्या स्विचचा दिवा पेटतोय का बघा. पेटत नसेल तर ॲडॅप्टर गेलाय. पेटत असेल तर केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात लावा आणि 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' द्या.

डिचोलीकर:
पोर्टच गेला होता. बाजूच्यात लावल्यावर .१०३ मिळाला. देव बरें करूं!

फोंड्याहून:
एक पोर्ट गेला म्हणजे त्या स्विचला झटका बसलाय. चवथीची गर्दी सुरू व्हायच्या आत बदला, आणि नवा स्विच यूपीएसवर लावा. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.