यूआय (ॲपच्या स्क्रीन) डिझाइनसाठी कोणतं टूल? बजेट महिना ५०० (नागपूर)

खामल्याचा_पोट्टा: नमस्कार मंडळी, इतवारीतल्या एका किराणा व्यापारी काकांसाठी ऑर्डर घ्यायचं ॲप करून राहिलो, मी अन् एक मित्र. कोड लिहायच्या आधी काकांना स्क्रीन दाबून दाबून दाखवायच्या आहेत, १५ एक असतील, सगळ्या मराठीत. विंडोज लॅपटॉप, ४ जीबी रॅम, नेट येते-जाते. महिन्याला ५०० च्या वर एक रुपया नाही. स्क्रीन काढायला फिग्मा, पेनपॉट, अडोबीचं एक्सडी की बाल्समिक?

तर्रीपोहा: फिग्मा. विषय संपला. फुकटच्या प्लॅनमध्ये टीमच्या प्रोजेक्टात ३ डिझाइन फाइली मिळतात, ड्राफ्ट वेगळे. १५ स्क्रीन तर एकाच फाइलीत बसते. लिंक पाठवा, काका मोबाइलवर पाहतील, पाहणाऱ्याला पैसे लागत नाही.

धरमपेठ_मॅकवाला: सिरियस काम करायचं असेल तर स्केच नावाचं टूल. फक्त मॅकवर चालतं म्हणून मी सरळ मॅकबुकच घेतला, ईएमआयवर, आज क्लायंटसमोर उघडला की अर्धी डील तिथंच होते.

बर्डीकर: भाऊ तो ५०० म्हणून राहिला अन् तुम्ही त्याले मॅक घ्याले लावता?

धरमपेठ_मॅकवाला: धंद्यात गुंतवणूक करावी लागते. असो.

उमरेड_रोड: एक्सडी घे. हलकं आहे, इन्स्टॉल होते, माझ्याकडे अजून मस्त चालते. तसंही फिग्मा अडोबीनंच विकत घेतलं ना?

झिरो_माइल: नाही घेतलं. २०२२ मध्ये २० अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला होता, युरोप अन् ब्रिटनच्या नियामकांनी अडवून धरलं, डिसेंबर २०२३ मध्ये दोघांनी सोडून दिला, वरून अडोबीला १ अब्ज डॉलर फिग्माला द्यावे लागले. आणि एक्सडी आता नुसतं मेंटेनन्सवर आहे, नवीन फीचर येत नाही, एकटं विकतही नाही. नवीन माणसानं त्यात कशाला शिरावं?

उमरेड_रोड: माझं चालते म्हटलं ना.

मुक्तस्रोत: पेनपॉट घ्या, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, फाइल तुमच्या ताब्यात, मनात आलं तर स्वतःच्या सर्व्हरवर डॉकरनं (सॉफ्टवेअर बसवून चालवायचं साधन) बसवा. लेआउट सीएसएसच्या (वेबपेज मांडायची भाषा) फ्लेक्स अन् ग्रिड पद्धतींवरच चालतो, कोड लिहिणाऱ्या मित्राला सोपं जाईल. उद्या कंपनीनं दर वाढवले तर काय करणार? इनव्हिजन नावाचं असंच टूल नाही का बंद झालं २०२४ च्या शेवटी.

तर्रीपोहा: ४ जीबीवर डॉकर? लॅपटॉपवर पोहे गरम करून घे मग.

मुक्तस्रोत: सर्व्हर म्हटलं मी, लॅपटॉप नाही. वाचत जा बे.

शुभांगी_यूएक्स: टूलवरून भांडता आहात, तो मराठी स्क्रीन म्हणाला ते कुणी वाचलंच नाही. दादा, इंग्रजी मजकूर टाकून आधी डिझाइन काढू नका. ‘ॲड’ मावेल एवढं बटन काढाल अन् मग त्यात ‘यादीत टाका’ कोंबत बसाल. लाइन हाइट (ओळीची उंची) इंग्रजीची ठेवली तर दोन ओळी झाल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. ‘तूर्त शिल्लक नाही’ लिहून बघा, त्या ‘तूर्त’मध्ये खालची-वरची दोन्ही भानगड आहे. मी अक्षराच्या १.५ पटीच्या खाली जात नाही. फॉन्ट ‘मुक्त’ किंवा ‘बलू’, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट. हे कोणत्याही टूलमध्ये करावंच लागते.

बर्डीकर: हे खरं कामाचं. आमच्या ऑफिसातल्या एका पोट्ट्यानं फोटोशॉपात स्क्रीन काढली, जोडाक्षरं सगळी फुटली, अन् क्लायंट म्हणे तुम्हाला मराठी येत नाही का.

शुभांगी_यूएक्स: टाइपच्या सेटिंगात वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करायचं होतं. पण फोटोशॉपात ॲपच्या स्क्रीन काऊन काढता?

मिहान_रिटर्न: बाल्समिक सांगतो मी. पैसे लागतील, पण ते हातानं खरडल्यासारखं दिसते म्हणून क्लायंट रंगावर अडत नाही. चकचकीत दाखवलं की काका म्हणणार हे हिरवं करा, ते मोठं करा, अन् ऑर्डर कशी जाते हे कोणी विचारणारच नाही.

तर्रीपोहा: फिग्मातपण करड्या रंगात काढता येते. फिग्मा घ्या.

उमरेड_रोड: एक्सडीतही येते.

खामल्याचा_पोट्टा: सगळ्यांचे आभार. पॉवरपॉइंटवर सुरू केलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते आधीपासून आहे अन् तिथं नेटचा भरवसा नाही. स्लाइड मोबाइलसारखी उभी केली, बटनावर हायपरलिंक लावली, क्लिकनं पुढची स्लाइड येते ते बंद केलं, म्हणजे काकांनी भलतीकडे दाबलं तर काहीच होत नाही, खऱ्या ॲपसारखं. फॉन्ट निर्मला, विंडोजमध्येच येतो. शुभांगीताई, लाइन हाइट १.५ केली. करडा रंगच ठेवला, तरी काकांनी हिरवा मागितलाच. खर्च शून्य.

तर्रीपोहा: पॉवरपॉइंट??? मग इथं विचारलं काऊन?

मुक्तस्रोत: लिबरऑफिस इम्प्रेसमध्येही होते हे, आणि ते ओपन सोर्स आहे.

धरमपेठ_मॅकवाला: यापेक्षा ॲपलचं कीनोट फार स्मूद आहे. फक्त एक मॅक घेऊन टाका.