चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या रॅकमध्ये हलवताना आयपी पत्ता कायम कसा ठेवावा?

प्रश्न
आमच्या डेटा सेंटरमध्ये प्रत्येक रॅकला स्वतंत्र सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) असून रॅकमधील स्विचपासून पुढे सर्वत्र लेयर ३ राउटिंग, म्हणजे आयपी पत्ता पाहून पॅकेट पुढे पाठवण्याची पद्धत, आहे. चालू व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) दुसऱ्या रॅकमध्ये हलवले की त्याचा पत्ता तेथील सबनेटमध्ये बसत नाही आणि पत्ता बदलावा तर टीसीपीच्या चालू जोडण्या तुटतात. सर्व रॅक एकाच व्हीलॅनमध्ये (एकाच सामायिक स्थानिक नेटवर्कमध्ये) घेण्याचा विचार ब्रॉडकास्टच्या, म्हणजे सर्वांना जाणाऱ्या संदेशांच्या गर्दीच्या, भीतीने सोडून दिला. एसडीएन कंट्रोलरने (सर्व स्विचांना मध्यवर्ती सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रत्येक मशीनसाठी सर्व स्विचांत स्वतंत्र फ्लो नियम, म्हणजे पॅकेट कुठे पाठवायचे याचा नियम, भरावा, असे एका सहकाऱ्याचे मत आहे. काही हजार मशीनांपर्यंत हे टिकेल का?

उत्तर १
टिकणे अवघड आहे. असे नियम बहुधा टीकॅम मेमरीत (स्विचमधील जलद शोधाच्या खास मेमरीत) बसतात आणि ती महाग व तोकडी असते. शिवाय मशीन हलताच अनेक स्विचांवरील नियम बदलावे लागतात; काहींवर जुना आणि काहींवर नवा नियम असेपर्यंत पॅकेट हरवू शकतात किंवा फेऱ्यात अडकू शकतात.

खरी अडचण अशी, की एकच आयपी पत्ता ‘मशीन कोणते’ आणि ‘ते कुठे आहे’ ही दोन्ही कामे करतो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या व्हीएल२ या रचनेने नेमके हेच वेगळे केले: ॲप्लिकेशनचा पत्ता कायम, स्थानाचा पत्ता बदलता आणि दोहोंची सांगड ठेवणारी एक डिरेक्टरी. २०१४ च्या आरएफसी ७३४८ या इंटरनेट दस्तऐवजातील व्हीएक्सलॅन ही पद्धतही मशीनची मूळ फ्रेम (नेटवर्कवरील माहितीचा तुकडा) तशीच ठेवून तिच्यावर टनेलच्या टोकांच्या, म्हणजे वेष्टण चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या उपकरणांच्या, पत्त्यांचे वेष्टण चढवते. त्यामुळे मधल्या स्विचांना केवळ ही टोके माहीत असावी लागतात, मशीन कितीही असोत. शिवाय वेगवेगळी नेटवर्क ओळखण्यासाठी व्हीलॅनच्या ४,०९६ क्रमांकांऐवजी २४ बिटांमुळे सुमारे १ कोटी ६७ लाख क्रमांक मिळतात, पण आपल्या प्रश्नात तो लाभ दुय्यम आहे.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, परंतु ती सांगड कोण ठेवणार, हे ठरल्याशिवाय उत्तर अपुरे राहते. आपला लेयर ३ पाया आधीच तयार असल्याने मी बीजीपी ईव्हीपीएन निवडेन; त्यात कोणते मशीन कोणत्या टोकामागे आहे, हे स्विच बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलने एकमेकांना कळवतात. मशीन हलले की नव्या ठिकाणचा स्विच त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) वाढीव अनुक्रमांकासह जाहीर करतो आणि इतर सर्व जण मोठा अनुक्रमांक ग्राह्य धरतात. कंट्रोलरच हवा असेल, तर त्याने ही माहिती टोकांवर आधीच पोहोचवावी; पहिले पॅकेट कंट्रोलरकडे पाठवून उत्तराची वाट पाहण्याची पद्धत गर्दीच्या वेळी हमखास नडते.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. परंतु मशीन हलल्यावर त्याचा डिफॉल्ट गेटवे (सबनेटबाहेर जाण्याचे दार) जुन्याच रॅकमध्ये राहणार नाही का?

उत्तर २
नाही. ॲनीकास्ट गेटवे ठेवल्यास प्रत्येक रॅकच्या स्विचवर गेटवेचा आयपी आणि मॅक पत्ता एकच असतो, त्यामुळे मशीनमध्ये काहीही बदलावे लागत नाही.

उत्तर ३
एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे, मात्र दुर्लक्ष करू नये. आयपीव्ही४ वर व्हीएक्सलॅनचे वेष्टण ५० बाइटचे असते, म्हणून मशीनचा एमटीयू १,५०० ठेवायचा असेल तर पायाभूत नेटवर्कचा किमान १,५५० हवा. तो कमी पडला की लहान पिंग व्यवस्थित जाते, फाइल मात्र मध्येच अडकते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. तपासताना तुकडे न करण्याचा पर्याय लावून मोठ्या आकाराचे पिंग पाठवावे.