मदत हवी आहे: न्यू जर्सीत वीडच्या (गांजाच्या) दुकानात पार्टनर होऊ का? (मी ग्रीन कार्डवर आहे)

जर्सीतला सातारकर:

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पाककृतींच्या धाग्यांवर +१ टाकून पळणारा, पण आता खरंच अडकलोय म्हणून धागा काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी मिडलसेक्स काउंटीत राहतो, आयटीत आहे, 2023 ला एकदाचं ग्रीन कार्ड आलं (किती वर्षं लागली ते विचारू नका), बायकोचंही तेव्हाच. माझा एक जुना रूममेट आहे, तो सिटिझन झालाय, त्याचं गॅस स्टेशन आहे, आणि तो गेलं वर्षभर माझ्या मागे लागलाय की आपण कॅनबिसच्या रिटेलचं लायसन काढू. माझे 60 हजार डॉलर, त्याचे दीड लाख, आणि त्याच्या ओळखीचा अजून एक जण. मला रोज दुकानात बसायचं नाहीये, नुसते पैसे घालायचेत आणि वर्षाला हिस्सा घ्यायचा.

मी माझ्या परीने वाचलंय. 2020 च्या नोव्हेंबरात गांजा कायदेशीर करायच्या बाजूने मतदान झालं, फेब्रुवारी 2021 मध्ये गव्हर्नर मर्फींनी कायद्यावर सही केली, 21 एप्रिल 2022 ला प्रौढांसाठीची विक्री सुरू झाली. लायसन देतं ते सीआरसी, म्हणजे कॅनबिस रेग्युलेटरी कमिशन. एकूण सहा क्लास आहेत, पिकवणारा क्लास 1, दुकानदार क्लास 5, घरपोच देणारा क्लास 6. आधी कंडिशनल (सशर्त, तात्पुरतं) लायसन घ्यायचं, मग त्याचं वार्षिकमध्ये रूपांतर करायचं. कंडिशनलला उत्पन्नाची अट आहे, एकट्याचं 2 लाख आणि नवराबायको मिळून 4 लाख डॉलरच्या आत, ती आम्ही पार करतो (म्हणजे आत बसतो). आणि मालकांपैकी निदान एक जण तरी दोन वर्षं न्यू जर्सीत राहिलेला पाहिजे, तेही आहे.

आता गंमत पुढे. मित्र म्हणतो वहिनींच्या नावावर 51 टक्के टाकू, बाई पण आणि मायनॉरिटी पण, मग अर्ज डायव्हर्सली ओन्ड म्हणून प्राधान्यात जातो. बायको म्हणाली मला यातलं काही कळत नाही, तुम्ही बघा काय ते. कळत नाही तर मलाही नाही, म्हणून विचारतोय, टाऊनची परवानगी आधी की स्टेटची, पैसे किती दिवस अडकतात, आणि मी सिटिझन नाही याने काही फरक पडतो का. शेवटचा प्रश्न मित्राला विचारला तर म्हणाला अर्जात सिटिझनशिपची अट कुठेच नाहीये, वाचून बघ. वाचलं, खरंच दिसली नाही.

अवांतर: आई सध्या इथेच आहे, तिने फोनवरचं बोलणं ऐकलं आणि तेव्हापासून एकच वाक्य, "म्हणजे तू गांजाचं दुकान काढणार?" गेले तीन दिवस पोहे सुद्धा गप्प राहून वाढतीये.

चहाबाज:

आईंना सांगा जैसलमेरला भांगेचं सरकारमान्य दुकान आहे, पाटी लावून, मी स्वतः तिथे थंडाई प्यायलोय. आपल्या 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ, नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग वाचली. महाराष्ट्रात मात्र पानांवर पण 1949 च्या दारूबंदी कायद्याची नजर आहे, तेव्हा साताऱ्यात शाखा काढू नका. हलके घ्या.

दोनदा मोजा:

चहाबाज, धागा भरकटवू नका हो, माणूस अडचणीत आहे.

सातारकर, टाऊनचं आधी बघा. कायदा आला तेव्हा टाऊनांना 180 दिवस दिले होते, 21 ऑगस्ट 2021 पर्यंत नको म्हणायचं असेल तर ठराव करा म्हणून, आणि बहुतेक टाऊनांनी नको म्हणूनच टाकलं. मतदानात हो म्हणणारी माणसं स्वतःच्या गल्लीत नको म्हणतात, ते सोडा. ज्यांनी हो म्हटलं तिथे किती दुकानं, कुठल्या झोनमध्ये, शाळेपासून किती लांब हे टाऊनच ठरवतं, वर विक्रीवर 2 टक्क्यांपर्यंत स्वतःचा कर लावू शकतं. कंडिशनलचा अर्ज जागा नसताना करता येतो, मी बघितलं तेव्हा अर्ज टाकायचे 100 डॉलरच होते, म्हणून सगळे भुलतात. खरा खर्च त्यानंतर. हातात 120 दिवस मिळतात (मुदतवाढ मागता येते), तेवढ्यात जागा, झोनिंग, टाऊनचा पाठिंब्याचा ठराव सगळं गोळा करायचं.

आमच्या इथल्या स्ट्रिप मॉलमध्ये एकाने जागा धरली होती, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला. काचेला आतून तपकिरी कागद चिकटवलेला आणि दारावर पाटी, लवकरच येत आहे. मी दर शनिवारी कपडे घेऊन जायचो. चौदा महिने तो कागद तसाच, उन्हाने कडा पांढऱ्या पडल्या, भाडं चालूच. शेवटी पाटी गेली आणि तिथे नेल सलॉन आलं. त्याला लायसन नाकारलं नव्हतं कुणी, टाऊनच्या प्लॅनिंग बोर्डाच्या तारखाच पुढे पुढे जात राहिल्या.

आकडेमोड:

मी सीपीए (इथला सीए) आहे, तुमचा नाही, त्यामुळे हा फुकटचा सल्ला समजा. मित्राने नफ्याचा जो कागद दाखवला असेल त्यात 280ई शोधा. नसेल तर तो कागद रद्दीत द्या.

280ई हे फेडरल (म्हणजे केंद्राच्या) करकायद्यातलं 1982 चं कलम. नियंत्रित पदार्थांच्या फेडरल यादीत शेड्यूल 1 किंवा 2 मधल्या वस्तूचा धंदा असेल तर मालाची खरेदी किंमत वजा करू देतात, बाकी भाडं, पगार, वीज, जाहिरात काहीही नाही. समजा 100 डॉलरची विक्री झाली, माल 60 चा, बाकी खर्च 35. किराणा दुकानदार 5 डॉलर नफ्यावर कर भरतो. तुम्ही 40 वर भरणार. 21 टक्क्यांनी 8 डॉलर 40 सेंट झाले, म्हणजे कमावले 5 आणि कर साडेआठच्या आसपास. एलएलसी (भागीदारीसारखी छोटी कंपनी) असेल तर हे ओझं के-1 (भागीदाराच्या हिश्शाचा कराचा कागद) वरून सरळ तुमच्या घरच्या रिटर्नमध्ये येतं, हातात छदाम न येता.

शिवाय मोठ्या बँका हात लावत नाहीत, क्रेडिट कार्ड चालत नाही, बराचसा व्यवहार रोखीचा. ज्या थोड्या बँका खातं देतात त्यांना अशा प्रत्येक खात्याचा रिपोर्ट सरकारला पाठवावा लागतो, 2014 पासूनचा नियम आहे. अशा धंद्यांना बँकांची दारं उघडणारं सेफ बँकिंग नावाचं बिल हाउसने (संसदेच्या खालच्या सभागृहाने) कितीतरी वेळा पास केलं पण कायदा काही झाला नाही.

हडसनकाठी:

वरचे सगळे प्रतिसाद बरोबर आहेत, पण सातारकर, तुम्ही जो प्रश्न शेवटी टाकलाय तो पहिला हवा होता. तुमच्यासाठी बाकीचं सगळं दुय्यम आहे.

अर्जात सिटिझनशिपची अट दिसली नाही कारण तो स्टेटचा अर्ज आहे. स्टेटला काय करायचंय तुमच्या ग्रीन कार्डशी. पण इमिग्रेशन हा सगळा फेडरल कारभार, आणि 1970 च्या फेडरल कायद्यात गांजा अजूनही नियंत्रित पदार्थच आहे, न्यू जर्सीने कितीही लायसनं वाटली तरी. यूएससीआयएसने (सिटिझनशिप आणि इमिग्रेशनचं खातं) 19 एप्रिल 2019 ला धोरण काढून स्पष्टच लिहिलंय की स्टेटमध्ये कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित काम फेडरल कायद्याचं उल्लंघन धरलं जाईल आणि सिटिझनशिपच्या वेळी चांगल्या वर्तणुकीच्या अटीत आडवं येईल. त्याच सुमाराला डेन्व्हरमध्ये दोन ग्रीन कार्डवाल्यांचं प्रकरण गाजलं, लायसन असलेल्या धंद्यात नोकरी केली म्हणून सिटिझनशिप नाकारली, तिथले तेव्हाचे मेयर मायकल हॅनकॉक यांनी अॅटर्नी जनरलना पत्र लिहिलं होतं. नोकरी हं, मालकी पण नाही.

एन-400 फॉर्ममध्ये (सिटिझनशिपचा अर्ज) सरळ विचारतात की नियंत्रित पदार्थ कधी पिकवलेत, वाटलेत, विकलेत का. तिथे नाही लिहिलंत तर खोटं, हो लिहिलंत तर अर्ज गेला. आणि आकडेमोड म्हणतात तो के-1 तुमच्याच सहीच्या रिटर्नला जोडलेला.

याहून वाईट म्हणजे ड्रग ट्रॅफिकिंगचं कलम. त्याला शिक्षा झालेली लागत नाही, खटला लागत नाही, अधिकाऱ्याला तसं मानायला कारण आहे एवढं पुरतं. आणि त्या कलमात नवरा, बायको, मुलं पण येतात, गेल्या पाच वर्षांत त्या पैशाचा फायदा घेतला असेल आणि पैसा कुठून येतो ते माहीत असेल किंवा माहीत असायला हवं होतं, तर तेही अडकतात. तुम्ही तर बायकोलाच 51 टक्क्यांची मालकीण करायला निघालात. मित्राचं काही जात नाही, तो सिटिझन आहे.

जर्सीतला सातारकर:

बापरे. खरं सांगतो, हे वाचून दोन तास काही सुचलं नाही. पण एक विचारू का, आता तर गांजा शेड्यूल 3 मध्ये टाकायचं चाललंय ना? मित्र म्हणतो ते झालं की सगळं मोकळं. आणि डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे साताऱ्यात, तिकिटं काढलीयेत, त्याला तर काही प्रॉब्लेम नाही ना? मी अजून एक पैसाही दिलेला नाही.

आकडेमोड:

आरोग्य खात्याने ऑगस्ट 2023 मध्ये शिफारस केली आणि मे 2024 मध्ये न्याय खात्याने प्रस्ताव काढला, ते खरंय. तीनमध्ये गेलं तर 280ई सुटेल, कारण ते कलम 1 आणि 2 पुरतंच आहे. माझ्या खात्यातला प्रश्न सुटेल, हडसनकाठींच्या खात्यातला नाही.

हडसनकाठी:

बरोब्बर. इमिग्रेशनच्या कलमांत शेड्यूल कितवं याला महत्त्व नाही, नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे ना, बास. तीनमध्ये तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं पण आहेत, म्हणून ती कुणीही दुकानात मांडून विकू शकतं का?

लग्नाला जा. पैसे दिले नाहीत, काही सुरू नाही, तर जायला कशाला घाबरायचं. पण धंद्यात पडला असतात तर परत येताना नेवार्कला इमिग्रेशनच्या खिडकीवर उभं राहणं वेगळं झालं असतं. ग्रीन कार्डवाल्याला एरवी नुसतं आत घेतात, या कलमाखाली मात्र नव्याने प्रवेश मागणारा धरू शकतात. आणि फोनमध्ये तो व्हॉट्सअॅप ग्रुप असेलच तुमचा.

फक्त एक बघा, कुठे सही केलीये का? लेटर ऑफ इंटेंट (इरादापत्र), एलएलसीचे कागद, काहीही. आठवून नका सांगू, मेल उघडून बघा.

मावशीबाई:

मी एच-4 वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून) असताना एका ठिकाणी डिस्पेन्सरीच्या (वीडच्या दुकानाच्या) अकाउंटिंगची पार्टटाइम नोकरी चालून आली होती, घरून काम, पगार बरा. वकिलीणबाईंनी अर्ध्या मिनिटात नाही म्हटलं आणि कन्सल्टेशनची फी पूर्ण घेतली. ती फी वसूल झाली असं मी आजही म्हणते. सातारकर, इमिग्रेशनचाच वकील गाठा, मित्राचा लायसनवाला वकील नको, तो लायसनपुरतं बघतो.

जर्सीतला सातारकर:

अपडेट देतो. मेल उघडून बघितलं. लेटर ऑफ इंटेंटवर सही नाहीये, नशीब. पण सप्टेंबरमध्ये मित्राने एक पीडीएफ पाठवलं होतं, मी ते फोनवर नुसतं वर वर सरकवून थम्स अप केलं होतं. आज लॅपटॉपवर उघडलं. चौथ्या पानावर मालकीचा तक्ता, तीन ओळी, आणि पहिल्याच ओळीत बायकोचं पूर्ण नाव, आमचा पत्ता, जन्मतारीख, पुढे 51. माझं नाव कुठेच नाही. अर्ज अजून भरलेला नाही, मसुदाच आहे, पण ते नाव तिथे टाइप केलेलं बघून पोटात गोळा आला. बायकोला दाखवलं. तिने काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता.

मेल लिहिलाय, की आम्ही दोघंही या धंद्यात कुठल्याही स्वरूपात नाही, पैसे दिलेले नाहीत, देणार नाही, मसुद्यातून नाव आणि माहिती काढून टाकावी. वकिलाची अपॉइंटमेंट गुरुवारची मिळालीये. मेल वकिलाला दाखवून पाठवू की लगेच?

हडसनकाठी:

लगेच पाठवा, एका ओळीत पोच मागा, आणि तो मेल जपून ठेवा. गुरुवारी पीडीएफ आणि मेल दोन्ही छापून न्या. यापुढे मैत्रीखातर सुद्धा त्या धंद्यासाठी उसने देऊ नका, को-साइन करू नका (जामीन राहू नका), दुकानाची वेबसाइट फुकटात करून देऊ नका. आयटीवाल्यांकडे हे मागतातच.

जर्सीतला सातारकर:

पाठवला. (वेबसाइटचं त्याने खरंच विचारलं होतं!) आईला सांगितलं की नाही करत आहे दुकान, तर म्हणाली, मग कांदाभजी करू का.

मित्राचं उत्तर आत्ताच आलंय, इथे तसंच टाकतो: "ठीक आहे रे, समजू शकतो. नाव काढतो. पण मग 51 टक्क्यांसाठी तुझ्या ओळखीत कुणी सिटिझन झालेली बाई आहे का?"