आकाश टॅब्लेट: साडेसतराशे रुपयांत नेमके काय मागावे?

पेठेतला ग्राहक (धागाकर्ता), १४ ऑक्टोबर २०११

मागच्या आठवड्यात, ५ ऑक्टोबरला, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत ‘आकाश’ या टॅब्लेटचे अनावरण केले. आयआयटी राजस्थानच्या सहकार्याने डेटाविंड कंपनीने तयार केलेले हे यंत्र सरकार सुमारे २,२५० रुपयांना विकत घेणार असून, अनुदान वजा जाता ते महाविद्यालयीन विद्यार्थ्याला १,७५० रुपयांच्या आसपास पडेल, असे सांगण्यात आले आहे. पहिली मागणी एक लाख नगांची आहे. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२, वाय-फाय आणि दोन यूएसबी पोर्ट असा एकूण ऐवज आहे. सिमकार्ड घालता येईल अशी आवृत्ती ‘युबीस्लेट’ या नावाने २,९९९ रुपयांत खुल्या बाजारात आणण्याचेही कंपनीने जाहीर केले आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी स्टीव्ह जॉब्स यांच्या निधनाची बातमी येऊन थडकली. त्यामुळेच की काय, बहुतेक प्रतिक्रिया आकाश आणि आयपॅड यांना एकाच तागडीत घालून उमटल्या. कोणाला हा गरिबांचा आयपॅड वाटला, तर कोणी साडेएकोणतीस हजारांच्या आयपॅड २ शी त्याची तुलना करून त्याला खेळणे ठरवले. मला या दोन्ही प्रतिक्रिया आळसाच्या वाटतात. मात्र किंमत इतकी कमी आहे म्हणून कोणताही प्रश्न विचारायचा नाही, असा जो सूर लागला आहे, तोही मला मान्य नाही. पैसे विद्यार्थ्याचे असोत वा करदात्याचे, ज्या कामासाठी वस्तू घेतली जात आहे ते काम तिला झेपते का, एवढे तरी तपासायला हवे. येथे काम आहे ते अभ्यासाचे साहित्य वाचण्याचे आणि व्याख्याने पाहण्याचे. त्या कामाला आकाश अपुरा पडेल असे माझे मत आहे, आणि म्हणूनच एक लाखांची मागणी नोंदवण्यापूर्वी काही हजार नग वर्षभर वापरून पाहायला हवे होते.

तालुक्याचा मास्तर

धागाकर्त्यांशी असहमत. आपण ज्या ग्राहकाच्या वतीने बोलत आहात, त्याच्याकडे आधीपासून एखादा संगणक आहे असे आपण नकळत गृहीत धरले आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे संगणकाच्या तासाला एका यंत्रापुढे तिघे बसतात. त्यातला एक टंकतो, दुसरा सांगतो आणि तिसरा खिडकीबाहेर पाहतो. एका बऱ्यापैकी संगणकाच्या किमतीत, सरकारी खरेदीच्या दरानेही, दहा आकाश येतात. त्या तिसऱ्या मुलाच्या हातात रात्री घरी काहीच नसण्यापेक्षा एक मंद टॅब्लेट असणे बरे, हे सांगायला वर्षभराचा प्रयोग कशाला हवा?

शिवाय ज्यांची तुलना खरोखर करायला हवी, ती यंत्रे पाहावीत. गेल्या ऑगस्टमध्ये आलेला बीटेलचा मॅजिक दहा हजारांच्या घरात आहे आणि रिलायन्सचा थ्रीजी टॅब तेरा हजारांच्या. आमच्या भागातल्या पालकाला हे दोन्ही सारखेच अप्राप्य आहेत.

यूएसबी पोर्टचा आपण केवळ उल्लेख करून पुढे गेलात, पण माझ्या दृष्टीने या यंत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या मोफत शिक्षण प्रकल्पाच्या संकेतस्थळावरची व्याख्याने एकदा महाविद्यालयात उतरवून घेतली, की ती पेन ड्राइव्हवरून वर्गभर वाटता येतात, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या घरी इंटरनेट असण्याची गरज उरत नाही. वेगळा कीबोर्डही जोडता येतो. आयपॅडला पेन ड्राइव्ह असा थेट जोडून दाखवावा!

सुटे भाग

मी संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे मला या चर्चेत किमतीपेक्षा दुसऱ्या वर्षाची चिंता अधिक वाटते.

प्रथम पडद्याविषयी, कारण त्याची सर्वांत जास्त टिंगल झाली आहे. आकाशचा पडदा रेझिस्टिव्ह प्रकारचा आहे. अशा पडद्यात दोन पातळ थर असतात आणि बोटाच्या दाबाने ते एकमेकांना टेकले, की यंत्राला स्पर्श कळतो. त्याला नख चालते, पेनचे टोपण चालते, आणि मुख्य म्हणजे तो स्वस्त पडतो. मात्र दोन बोटांनी मजकूर लहानमोठा करणे त्यावर जमत नाही, आणि वरचा थर मऊ प्लॅस्टिकचा असल्याने दप्तरात किल्ल्या आणि कंपासपेटीच्या शेजारी राहून त्यावर ओरखडे पडणार, हे मी आजच सांगून ठेवतो. तरीही या किमतीत हा पडदा निवडणे मला चूक वाटत नाही.

खरी अडचण बॅटरीची आणि दुरुस्तीची आहे. बॅटरी २,१०० एमएएचची असून कंपनीच्याच दाव्यानुसार ती तीन तासांच्या आसपास चालते. मास्तर ज्या भागाचे वर्णन करत आहेत तेथे भारनियमन किती तासांचे असते, हे त्यांनीच सांगावे. सतत पूर्ण रिकामी होईपर्यंत वापरलेली बॅटरी वर्ष-दीड वर्षात बरीच क्षीण होते. हमी एका वर्षाची आहे. त्यानंतर बॅटरी, चार्जर आणि पडदा हे तीन भाग तालुक्याच्या दुकानात मिळणार नसतील, तर विद्यार्थ्याने साडेसतराशे रुपये एका वर्षाच्या भाड्यापोटी दिले असेच म्हणावे लागेल. मोबाइलची बॅटरी आज कोणत्याही गावात मिळते, कारण त्या मापाचे लाखो फोन विकले गेले आहेत. आकाशच्या बाबतीत ती साखळी सरकारने मुद्दाम उभी केली नाही, तर ती आपोआप उभी राहणार नाही.

काटकसरी

एका नगामागे सुमारे पाचशे रुपये अनुदान धरले, तर एक लाख नगांचे पाच कोटी होतात. केंद्र सरकारच्या हिशेबात ही रक्कम इतकी किरकोळ आहे, की तीवरून एवढी घालमेल करण्याचे कारण मला दिसत नाही. मोबाइल फोनही सुरुवातीला श्रीमंतांची चैन होती. किमती उतरल्यावर भाजीवाल्याच्या हातात तो आला, तेव्हा त्याचा प्रोसेसर कोणी विचारला नव्हता.

पेठेतला ग्राहक (धागाकर्ता)

काटकसरी यांनी अनुदानाचा हिशेब केला, पण खरेदीचा केला नाही. उरलेले साडेसतरा कोटी विद्यार्थ्यांच्या खिशातून जाणार आहेत, आणि ते किरकोळ आहेत असे त्यांच्या पालकांपैकी कोणी म्हणणार नाही. भाजीवाल्याच्या फोनवरून बोलता येत होते. ज्या कामासाठी तो घेतला ते काम तो चोख करत होता.

आता वाचण्याविषयी. सात इंची पडदा आडवा धरला तर त्याची रुंदी सुमारे १५ सेंटीमीटर आणि उंची ९ सेंटीमीटर भरते. विद्यापीठांचे बहुतेक साहित्य ए-४ आकाराच्या पीडीएफ पानांत असते, आणि त्या पानाची रुंदी २१ सेंटीमीटर असते. पूर्ण ओळ दिसावी म्हणून पान पडद्याच्या रुंदीत बसवले, तर अक्षरे मुळाच्या सत्तर टक्क्यांवर येतात आणि एका वेळी पानाचा निम्म्याहून कमी भाग दिसतो. गणिताच्या सूत्रांतले घातांक आणि खालचे अंक ८०० बाय ४८० बिंदूंच्या पडद्यावर या मापात वाचताना डोळे ताणावे लागतील. पान मोठे करावे तर प्रत्येक ओळीसाठी ते डावीउजवीकडे सरकवावे लागेल, तेही दाबून, आणि ३६६ मेगाहर्ट्‌झच्या वेगाने. रसायनशास्त्राचे एक प्रकरण अशा रीतीने वाचून झाल्यावर विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानाकडेच वळेल.

तालुक्याचा मास्तर

झेरॉक्सच्या दुकानाकडे तो आजही वळतोच, आणि पानामागे पैसे मोजतो. आपला आकडेमोडीचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्यावरचा उपाय साहित्याच्या बाजूने करता येतो. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळेल अशा स्वरूपात दिला, तर पान सरकवण्याचा प्रश्नच राहत नाही. हे काम विद्यापीठांनी करायचे आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हातात यंत्र आल्याशिवाय विद्यापीठे ते हाती घेणार नाहीत.

भारनियमनाविषयी सुटे भाग यांचे म्हणणे योग्य आहे. आमच्याकडे वीज जाण्याची वेळ ठरलेली असते, येण्याची नसते.

शाईपेन

इतके प्रतिसाद झाले, पण मराठीचे नाव कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते.

अँड्रॉइड २.२ मध्ये मुळात देवनागरीची सोय नाही. ज्यांच्याकडे या आवृत्तीचे फोन आहेत त्यांना ठाऊक असेल, की मराठी संकेतस्थळ उघडले तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग दिसते. त्यावर आपण सगळे एकच तोडगा एकमेकांना सांगत असतो: ऑपेरा मिनी हा ब्राउझर उतरवून घ्यावा, त्याच्या पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे रोमन लिपीत टंकून गुप्त पान उघडावे आणि संयुक्त लिपींसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करावा. मग मराठी दिसते, पण चित्राच्या रूपात. ती उतरवून घेताना जास्त डेटा लागतो आणि तीतला मजकूर नकलून घेता येत नाही. मराठीत टंकणे तर दूरच राहिले. कला शाखेचा, मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा या यंत्रावर काय वाचणार आणि काय लिहिणार? मास्तर ज्या व्याख्यानांचा उल्लेख करतात ती इंग्रजीत आहेत.

मी या यंत्राच्या विरोधात नाही. अँड्रॉइडची मूळ संहिता खुली आहे, त्यामुळे फॉन्ट आणि जोडाक्षरे जुळवणारी प्रणाली निर्मात्याला स्वतः घालता येते. त्यासाठी महाग प्रोसेसर लागत नाही. एक लाख नग घेणाऱ्या गिऱ्हाइकाने ही अट घातली असती तर कोणता विक्रेता नाही म्हणाला असता? पडदा आणि रॅम यांवर पैसे वाचवले हे समजण्यासारखे आहे, परंतु या बाबतीत वाचवण्यासारखे पैसेच नव्हते.

कर्जतकर

हे सगळे आपण पूर्वी पाहिले आहे. बंगळुरूच्या सिंप्युटर या हातात मावणाऱ्या संगणकाची कल्पना सामान्य माणसासाठी स्वस्त यंत्र अशीच होती. २००४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत दहा हजारांच्या आसपास होती. अमेरिकी प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांचा शाळकरी मुलांसाठीचा शंभर डॉलरचा लॅपटॉप प्रत्यक्षात १९० डॉलरच्या जवळ गेला, आणि आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तो २००६ मध्ये नाकारलाही होता. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीला दहा डॉलरच्या लॅपटॉपचा गाजावाजा झाला, आणि समोर आले ते माहिती साठवण्याचे उपकरण.

निग्रोपाँटे यांचा तो लॅपटॉप २००७ मध्ये आमच्या कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत आला होता. त्या प्रयोगाविषयी जे वाचले आणि ऐकले त्यावरून सांगतो, की मुलांना यंत्र शिकायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो शिक्षकाला त्याभोवती तास बेतायला. तेथे निदान एका शाळेवर लक्ष देणारी माणसे होती. आता एक लाख यंत्रे देशभर वाटली जाणार आहेत, आणि ती वापरून शिकवण्याचे प्रशिक्षण किती प्राध्यापकांना देणार, याविषयी अनावरणाच्या गडबडीत कोणी विचारलेले दिसत नाही. किमतीचे आकडे मात्र दहापासून पस्तीस डॉलरपर्यंत दर वर्षी नव्याने ऐकायला मिळतात.

तिसरे वर्ष

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आमच्या महाविद्यालयाच्या वाट्याला आकाश येईल की नाही, हे कोणीच सांगत नाही, त्यामुळे मी २,९९९ रुपयांच्या युबीस्लेटचा विचार करत होतो. जीपीआरएसवर, म्हणजे मोबाइलच्या संथ इंटरनेटवर, पाने लवकर उघडावीत म्हणून कंपनी ती आपल्या सर्व्हरवर आकुंचित करून पाठवते, हे मला आकर्षक वाटले. मला सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषेचा सराव करायचा आहे आणि व्याख्याने पाहायची आहेत. जाणकारांनी सल्ला द्यावा.

सुटे भाग

सी++ चा सराव करायचा असेल तर टॅब्लेट घेऊच नये, मग तो कोणत्याही किमतीचा असो. आणखी तीन-चार हजार जमवून जुना नेटबुक, म्हणजे छोटा स्वस्त लॅपटॉप, घ्यावा, घेण्यापूर्वी बॅटरी काढून तो थेट विजेवर चालतो का ते पाहावे, आणि दुकानदाराकडून पावतीवर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. युबीस्लेट घ्यायचाच असेल तर पहिल्या खेपेतला घेऊ नये.

तालुक्याचा मास्तर

तीन-चार हजार जमवण्यात त्याचे तिसरे वर्ष संपेल.