मदत हवी आहे: अश्मीभूत लाकूड कोणत्या झाडाचं? (तातडीचं)

शेवंती_ठाणे:
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अश्मीभूत लाकूड ओळखायचंय. सेक्शनचा (पातळ छेदाचा) फोटो जोडलाय. मोठ्या गोल व्हेसल (पाणी वाहणाऱ्या नळ्या) आणि मधेमधे बारीक भोकांच्या तुटक रांगा दिसतात. मला साग वाटतोय. नामशेष जातीचं नेमकं नाव हवंय, शुक्रवारी सरांना दाखवायचंय. ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज.

खारघरकर:
तुकडा कुठला? छेद आडवा की उभा? फोटोवर स्केल का नाही?

येऊरचा_वाटसरू:
दगडाला खोबरेल लावून पुसा, रेषा लगेच उठतात. मी कायम तसंच करतो.

शेवंती_ठाणे:
मायक्रोस्कोप आहे हो माझ्याकडे! तुकडा कॉलेजच्या संग्रहातला, लेबलवर फक्त 'कच्छ'. छेद आडवा.

खारघरकर:
मग साग नाही. सागात वाढीच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या व्हेसलची ओळ लागते, तुमच्या फोटोत त्या सगळीकडे सारख्या विखुरल्यात. त्या बारीक रांगा राळेच्या नळ्या असतील तर डिप्टेरोकार्पेसी, म्हणजे गर्जनसारख्या झाडांचं कुळ बघा. कच्छमधून या कुळाची जीवाश्म लाकडं नोंदली गेली आहेत. आज ही झाडं पश्चिम घाटात, ईशान्येत आणि अंदमानात आहेत, कच्छात नाहीत. म्हणून तर हा तुकडा मोलाचा! नळ्या सुट्या किंवा छोट्या ओळीत असतील तर जीवाश्म लाकडाची प्रजाती (जीनस) डिप्टेरोकार्पॉक्सिलॉन, लांब सलग ओळीत असतील तर शोरिऑक्सिलॉन. जातीचं नाव मात्र एका छेदावरून नाही मिळणार.

ऐरोली_बॉटनी:
इतकी घाई नको. झाडाला इजा झाली की ऐन, अर्जुनासारख्या झाडांतही डिंकाच्या नळ्यांची ओळ उमटते. आधी उभे छेद बघा.

खारघरकर:
इजेची ओळ एखाद्याच पट्ट्यात येते. इथे नळ्या सगळीकडे आहेत.

ऐरोली_बॉटनी:
एका फोटोत 'सगळीकडे' कसं ठरवणार? स्केलही नाही.

कळवा_वखार:
साग खरा की नकली ते तासून वास घेतला की कळतं. जुनं दार घेताना चौकटीची मागची बाजू तासून बघा.

शेवंती_ठाणे:
दार नाही घ्यायचंय दादा, दगड आहे! तिन्ही छेदांपुरता तुकडा उरलाय. काय बघू?

ऐरोली_बॉटनी:
स्पर्शरेषेतल्या (वलयांना स्पर्श करणाऱ्या) उभ्या छेदात रे, म्हणजे खोडाच्या मध्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, किती पेशी रुंद आणि किती उंच ते मोजा. त्रिज्येतल्या (मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या) उभ्या छेदात रेच्या पेशी आडव्या की उभ्या, आणि व्हेसलभोवती ट्रॅकीड (पाणी वाहणाऱ्या बारीक पेशी) आहेत का ते बघा. मग आयएडब्ल्यूए या लाकूड-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९८९ च्या यादीतल्या १६३ लक्षणांशी ताडून इनसाइडवूड या लाकडांच्या ऑनलाइन डेटाबेसवर शोधा, तिथे जीवाश्म लाकडंही आहेत. शेवटी लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या नमुन्यांशी तुलना करावीच लागेल. शुक्रवारी कुळापर्यंत पोचलात तरी पुष्कळ.

नेरूळ_भटक्या:
कच्छला थंडीतच जा, उन्हाळ्यात हाल होतात.

खारघरकर:
कापलेली चकती काचेवर कार्बोरंडम पावडरने (घासायच्या कठीण पुडीने) हलक्या हाताने घासा, आरपार उजेड दिसेपर्यंत. आणि कापण्याआधी तुकड्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, लेबलसकट.